ट्राउटसाठी शंभर फ्लाय लागतात, या दाव्याचा प्रतिवाद

पंचगंगेच्या काठावर किंवा राधानगरी, काळम्मावाडीच्या जलाशयांवर गळ टाकणाऱ्या कोल्हापूरकरांपैकी काही मंडळी हौसेने हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात किंवा काश्मीरमध्ये ट्राउटच्या मागे जातात. त्यांच्यात सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे आणि पहिल्यांदाच निघालेले लोक तो प्रमाण मानून खरेदीला लागतात. त्याचा आशय असा: ट्राउट हा चोखंदळ मासा असून पाण्यावरचा प्रत्येक किडा ओळखतो, त्यामुळे किमान शंभर प्रकारच्या फ्लाय (म्हणजे गळावर पिसे आणि धागे बांधून केलेले नकली किडे) जवळ असल्याशिवाय जाऊ नये, परदेशी नमुने हिमालयात चालत नाहीत, खरा मासा तरंगणाऱ्या ड्राय फ्लायवरच लागतो, पाणी गढूळ असेल तर भडक रंग वापरावा, आणि शंभर फ्लायंची तयार पेटी सुट्या फ्लायंपेक्षा स्वस्त पडते. या पाच विधानांपैकी एकही जसेच्या तसे टिकत नाही. दोनांत अर्धसत्य आहे, आणि ते अर्धसत्यच नवख्याला जास्त फसवते.

पहिले विधान सर्वांत वजनदार वाटते, कारण त्यामागे इंग्लंडमधील जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफोर्ड यांनी दक्षिण इंग्लंडच्या संथ, नितळ नद्यांवर हुबेहूब नकलेचा आग्रह धरला आणि किड्यागणिक, त्यातही नर-मादीगणिक वेगळी फ्लाय बांधली. परंतु याच हॅलफोर्ड यांनी १९१० पर्यंत स्वतःची यादी ३३ नमुन्यांपर्यंत खाली आणली होती, हे शंभरांचा आग्रह धरणारे सांगत नाहीत. शिवाय त्या नद्यांमध्ये मासा फ्लायकडे सावकाश पाहू शकतो. तीर्थनचे पाणी मोठमोठ्या दगडांमधून उसळत येते, आणि त्यात समोरून वाहत आलेली वस्तू खायची की सोडायची हे माशाला क्षणात ठरवावे लागते. तेवढ्या वेळात तो पंखांवरच्या शिरा मोजत बसत नाही.

मासा काय पाहतो, हेही समजून घेणे उपयोगी आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यातूनच दिसते; त्या झरोक्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. एक फूट खोलीवरच्या माशासाठी या झरोक्याचा व्यास जेमतेम सव्वादोन फूट असतो. तरंगणारी फ्लाय त्या झरोक्यात येण्यापूर्वी माशाला तिच्या हॅकलचे, म्हणजे गुंडाळलेल्या पिसाच्या तंतूंचे, पाण्यावर टेकलेले ठसेच आरशात दिसतात. म्हणून फ्लायचा आकार, तिची ठेवण आणि ती पाण्यावर कशी बसते या गोष्टी रंगाच्या बारकाव्यांपेक्षा आधी येतात. त्यांच्याही आधी येते ती तिची चाल. प्रवाहाचा वेग जागोजागी वेगळा असल्यामुळे दोरी फ्लायला ओढू लागते आणि फ्लाय बाजूला सरकते. याला ड्रॅग म्हणतात. खरा किडा असा आडवा पळत नाही. ड्रॅग काढता न येणाऱ्याला शंभरातली कोणतीही फ्लाय वाचवणार नाही, आणि ज्याला तो काढता येतो त्याचे पाच-सहांत भागते.

याचा पुरावा नामवंत फ्लायंच्या इतिहासातच आहे. १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधलेली ॲडम्स ही करड्या अंगाची फ्लाय एका विशिष्ट किड्याची नक्कल म्हणून कोणी वापरत नाही. मेफ्लाय आणि कॅडिस हे नदीवरचे दोन वेगळे किडे; ती मेफ्लाय म्हणूनही चालते आणि कॅडिस म्हणूनही. इंग्लंडमधील विल्टशरमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्यावरच आपली फेझंट टेल निम्फ (निम्फ म्हणजे किड्याची पंख फुटण्यापूर्वीची, पाण्याखालची अवस्था) उभी केली. तिला पाय नाहीत. पोहणारी मेफ्लायची निम्फ पाय अंगाशी घेऊन पोहते, हे त्यांनी पाहिले होते; तेव्हा पाय गाळणे हा आळस नव्हता, ते निरीक्षण होते. नदीवर रोज वावरणाऱ्या या माणसाचे काम मोजक्या नमुन्यांवर चालत असे.

या पहिल्या विधानातले अर्धसत्य मात्र मान्य केले पाहिजे. संथ, काचेसारख्या पाण्यात एकाच प्रकारचे किडे एकाच वेळी बाहेर पडत असतील, तर ट्राउट खरोखर हट्टी होतो आणि समोर आलेली मोठी फ्लाय नाकारतो. काश्मीरमध्ये झऱ्यांवर पोसलेल्या पाण्यात हा अनुभव येऊ शकतो. परंतु तेव्हाही उपाय बहुधा नवा नमुना हा नसतो. तोच नमुना एक-दोन मापांनी लहान करणे हा असतो. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ बारीक, हे येथे लक्षात ठेवावे: १४ वरून १८ वर जाणे म्हणजे लहान होणे.

दुसरे विधान, म्हणजे परदेशी नमुने हिमालयात चालत नाहीत, हे ऐकायला स्वाभिमानी वाटते, पण ज्या माशासाठी ते केले जाते तो मासाच मुळात परदेशी आहे. ब्राउन ट्राउटची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरला आली, तर रेनबो ट्राउट मूळचा उत्तर पॅसिफिकला मिळणाऱ्या नद्यांमधला आहे. राहिला प्रश्न त्याच्या खाद्याचा. मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय ही वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या किड्यांची कुळे युरोप-अमेरिकेत आहेत तशीच हिमालयातही आहेत. जाती वेगळ्या असतात. देहाची ठेवण आणि जीवनक्रम तोच असतो. हे पडताळण्यासाठी कुल्लूपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पावसाळा ओसरल्यावर गगनबावड्याच्या बाजूच्या एखाद्या खळाळत्या ओढ्यात मूठभर आकाराचा दगड उचलून त्याची खालची बाजू पाहावी. दगडाला चिकटलेली, चपट्या अंगाची आणि शेपटीकडे लांब तंतू असलेली निम्फ मेफ्लायची असते. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारी अळी कॅडिसची असते. या अळ्या ज्याने एकदा हातावर घेऊन पाहिल्या, त्याला फेझंट टेल आणि हेअर्स इअर या दोन निम्फ इतक्या ठिकाणी का चालतात हे वेगळे सांगावे लागत नाही. (दगड पुन्हा त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा.) आपल्याकडचे पाणी ट्राउटला मानवत नाही, कारण त्याला बारमाही थंड पाणी लागते आणि २० अंशांच्या वर तो खाणे टाकू लागतो. पण याच लहान निम्फ जलाशयातल्या चिलापीवर वापरून पाहता येतात, आणि प्रवासापूर्वीचा तो उत्तम सराव आहे.

ड्राय फ्लायविषयीच्या तिसऱ्या विधानात आवडीनिवडीला नियमाचे रूप दिले आहे. मासा पृष्ठभाग फोडून फ्लाय घेतो ते दृश्य देखणे असते, यात वाद नाही. परंतु मेफ्लाय आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली निम्फ म्हणून काढते आणि पंख फुटल्यानंतर काही तास ते फार तर काही दिवस जगते. खाद्य जिथे अधिक काळ असते तिथेच मासाही अधिक काळ खातो. म्हणून पेटीचा निम्मा भाग पाण्याखाली जाणाऱ्या फ्लायंचा असावा, आणि त्यांतल्या काहींना टंगस्टनचा मणी असावा, कारण टंगस्टन पितळेच्या दुपटीहून अधिक घन असल्यामुळे वेगवान पाण्यातही फ्लाय तळापर्यंत पोहोचते.

गढूळ पाणी आणि भडक रंग यांबद्दल थोडक्यातच सांगता येईल. पैदाशीच्या तळ्यातून नदीत नुकत्याच सोडलेल्या रेनबोला चकचकीत फ्लाय भुरळ घालते, हे खरे आहे. मात्र बर्फ वितळून नदी दुधाळ झाली की रंगापेक्षा गडद आणि भरीव आकृती अधिक उठून दिसते, आणि अशा वेळी काळी वूली बगर, म्हणजे पाण्याखाली ओढायची जाडसर केसाळ फ्लाय, काठालगत हळू ओढणे अधिक शहाणपणाचे ठरते. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते. ती उठल्यावर, बर्फाचे पाणी वाढण्यापूर्वी गेल्यास हा प्रश्न बराचसा उद्भवतच नाही.

आता शेवटचे, पैशांचे विधान. शंभराच्या पेटीची किंमत शंभराने भागली की एक फ्लाय स्वस्त दिसते, पण भागायला हवे ते वापरल्या जाणाऱ्या फ्लायंच्या संख्येने. अशा पेट्यांत बहुतेक नमुन्यांचा एकेकच नग असतो. जो नमुना त्या दिवशी चालतो तो पहिल्याच दगडाला अडकून तुटला, की उरलेल्या नव्याण्णवांचा उपयोग नाही. शिवाय स्वस्त फ्लायचे गळ मऊ असतात आणि बरा मासा लागताच सरळ होतात.

त्याऐवजी माझ्या मते पाच नमुने पुरेत. पॅराशूट ॲडम्स १४, १६ आणि १८ क्रमांकांत. एल्क हेअर कॅडिस १४ आणि १६ मध्ये. मणी लावलेली फेझंट टेल १४, १६ आणि १८ मध्ये. हेअर्स इअर १२ आणि १४ मध्ये. आणि १० क्रमांकाची वूली बगर, एक काळी व एक ऑलिव्ह. हे एकूण १२ प्रकार झाले, आणि प्रत्येकाचे तीन नग घेतले तर ३६ फ्लाय होतात. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर तेंकारा पद्धतीने मासे धरणारे काही जण एकाच नमुन्यावर भागवतात, असा दाखला यावर दिला जातो. पण तो अनुभवी हाताचा संयम आहे आणि नवख्याने त्याचे अनुकरण करू नये. कुणाला सहावा नमुना हवाच असेल तर तो स्टोनफ्लायच्या निम्फचा असावा, कारण ज्या दगडाळ पाण्यात ती राहते तशाच पाण्यात आपण जाणार असतो.

वाचलेल्या पैशांतून टिपेटच्या, म्हणजे फ्लायला बांधायच्या बारीक दोरीच्या, ४ एक्स आणि ५ एक्स जाडीच्या दोन रिळा, ड्राय फ्लाय तरंगती ठेवणारे लेपन आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून बसवण्यासाठी लहान पकड घ्यावी. हे सामान निघण्यापूर्वीच जमवावे, तीर्थन खोऱ्याच्या वाटेवरील बंजारच्या पुढे ते मिळेल या भरवशावर राहू नये.