‘पैसे घेऊन जामीन केला नाही’ या अभिप्रायाला आमच्या कार्यालयाचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल तो कार्यालयातल्या सगळ्यांना वाचायला दिला आणि आज उत्तर लिहायला बसले आहे.

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. भावाला अटक झाली तेव्हा फौजदारीतला अनुभवी वकील हवा म्हणून तुम्ही कोल्हापुरात आमच्याकडे आलात. पहिल्या रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, मॅडम (म्हणजे मी) स्वतः आल्या नाहीत, ज्युनिअरला पाठवलं. जामीन होणारच का, असं विचारलं तर खात्री दिली नाही. सत्र न्यायालयात अर्ज फेटाळला गेला, त्यानंतर कोणी फोन उचलेना. शेवटी दुसऱ्या वकिलांनी उच्च न्यायालयातून महिन्याभरात जामीन करून दिला. आणि शेवटचं वाक्य: ‘पैसे घेऊन जामीन केला नाही.’

खटल्याबद्दल मी इथे एक अक्षरही लिहिणार नाही. पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेला तरी त्याने मला सांगितलेलं माझ्यापाशीच राहतं, आणि तुमच्या भावाचा खटला अजून उभा राहायचा आहे. त्यामुळे काही जागी माझं उत्तर अर्धवट वाटेल. त्याला इलाज नाही. तुम्हाला मात्र एक कळकळीची विनंती आहे. पोलीस ठाण्यात त्या रात्री काय बोलणं झालं, ते तुम्ही अभिप्रायात दोन वाक्यांत लिहिलं आहे. ती दोन वाक्यं आजच काढा. मला दिलेला एक तारा आणि माझ्यावरची टीका तशीच राहू द्या. ती वाक्यं सरकारी वकिलांच्या हाती लागली तर त्यांचा उपयोग भावाविरुद्ध होऊ शकतो. तुमच्या नव्या वकिलांना विचारा, तेही हेच सांगतील.

आता फोनचं. अर्ज फेटाळल्यानंतरच्या चार दिवसांत तुमच्या घरून कार्यालयात अकरा फोन आले. आमच्या वहीत त्यांची नोंद आहे. त्यातले सात तुमच्या आईंचे होते. एकाही फोनला मी स्वतः उलट फोन केला नाही. मी दुसऱ्या खटल्याच्या अंतिम युक्तिवादात होते, पण संध्याकाळी सातनंतर पाच मिनिटं काढता आली असती. जामीन मिळाल्याची बातमी कोणीही कळवतो. फेटाळल्याचं वकिलाने स्वतः सांगायला हवं, आणि पुढे काय करायचं तेही त्याच फोनवर सांगायला हवं. तुमच्या आईंना ते कळलं कारकुनाकडून, तेही दुसऱ्या दिवशी. याबद्दल मी तुमची आणि त्यांची माफी मागते.

फीचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवते आहे. आमच्या पावती पुस्तकात तुमच्या नावापुढे कामाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला आहे, ‘जामीन’. कोर्टात वावरणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कळतो: सत्र न्यायालयात जामीन अर्ज दाखल करणं, तपासी अधिकाऱ्याचं म्हणणं आल्यावर युक्तिवाद करणं आणि आदेशाची नक्कल काढणं. एका न्यायालयातलं एक काम. तुमच्या घरात त्याच शब्दाचा अर्थ होता, माणूस घरी येणं. तुम्ही पैसे दिले ते माणूस घरी येण्यासाठी. मी घेतले ते अर्ज चालवण्यासाठी. दोघांपैकी कोणीच खोटं बोललं नव्हतं, पण या शब्दाचे दोन अर्थ निघतात हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. पहिल्याच बैठकीत ते समोर बसवून सांगणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

या महिन्यापासून आम्ही साध्या मराठीत एक पान लिहून देतो. कोणत्या न्यायालयातलं काम, फी किती, नकला आणि टायपिंगचा खर्च वेगळा किती, कोण उभं राहणार, आणि अर्ज फेटाळला गेला तर पुढची पायरी कोणती व तिची फी यात धरली आहे की नाही. खाली दोघांच्या सह्या. हे मी वीस वर्षांपूर्वीच सुरू करायला हवं होतं.

खात्रीबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. जामीन देणं न देणं न्यायाधीशांच्या हातात असतं. वकील तयारीची हमी देऊ शकतो, निकालाची नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, म्हणजे ‘जामीन झाला तरच पैसे’ असा सौदाही आम्हाला करता येत नाही. त्या रात्री ठाण्याबाहेर कोणीतरी ‘शंभर टक्के करून देतो, साहेब आपल्या ओळखीचे आहेत’ असं म्हणालं आणि मी मात्र ‘बघू’ म्हणाले, असं तुम्ही लिहिलं आहे. घरातला माणूस लॉकअपमध्ये असताना ‘बघू’ हा शब्द किती जिव्हारी लागतो, ते मी समजू शकते. मी अधिक सविस्तर बोलायला हवं होतं. पण ओळखीच्या जोरावर जामीन विकणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नका, हे तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगते. अशा दलालांच्या याद्या करून त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार वकील कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने न्यायालयांना दिला आहे, इतका हा रोग पसरलेला आहे.

ज्युनिअरबद्दल. त्या सकाळी दुसऱ्या न्यायालयात मी एका साक्षीदाराचा उलटतपास घेत होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना मी निघून आले असते, तर ज्याचा भाऊ तो खटला लढतो आहे त्याने मला एक तारा दिला असता, आणि तो रास्त असता. तुमच्या भावासाठी उभे राहिलेले सहकारी रिमांडची कामं नेहमी करतात. पोलीस कोठडी कशासाठी मागितली आहे, अटकेची कारणं आरोपीला कळवली का, त्याला चोवीस तासांच्या आत हजर केलं का, हे सगळं पाहूनच ते बोलतात. मी नसणार हे तुम्हाला आदल्या रात्रीच कळवायला हवं होतं. तेवढी चूक आमची. त्यांना ‘शिकाऊ पोरगा’ म्हटलं आहे, तो शब्द त्यांना लागला आहे, एवढं सांगते.

अर्ज फेटाळण्याबद्दल तुमच्या प्रकरणाला हात न लावता सांगते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम 483 खाली जामिनाचा अधिकार सत्र न्यायालयालाही आहे आणि उच्च न्यायालयालाही, पण आधी सत्र न्यायालयात जाण्याचा रिवाज आहे. तपास सुरू असताना पोलीस म्हणतात की जप्ती बाकी आहे, साक्षीदार फुटतील, आणि न्यायालय हात राखून वागतं. पुढे तपास सरकतो, दोषारोपपत्र (चार्जशीट) येतं, तेव्हा त्याच माणसाच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. खालच्या न्यायालयात फेटाळलेला अर्ज वर मंजूर होणं ही रोजची गोष्ट आहे. तुमच्या नव्या वकिलांचं काम यामुळे कमी ठरत नाही. त्यांनी ते चोख केलं आणि माणूस घरी आला, याचा मला मनापासून आनंद आहे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयासमोर बसतं. त्याआधी याच कामासाठी सिंधुदुर्गातल्या, सोलापुरातल्या माणसाला मुंबई गाठावी लागायची. तिथला खर्च, तिथले वकील आणि रात्रीच्या गाड्या या सगळ्यात कुटुंबं कशी पिचायची ते मी पाहिलं आहे.

तुम्ही शेवटी विचारलं आहे, ‘मग अनुभवी वकील ओळखायचा तरी कसा?’ हा प्रश्न रागाने विचारला असला तरी खरा आहे. माझा अनुभव किती, मी किती खटले लढवले, हे इथे लिहिणार नाही. वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नसते. पण आज रात्री कोणाच्या तरी घरी असाच फोन वाजेल, त्यांच्यासाठी लिहिते.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधता येतं. हा माणूस खरंच फौजदारी कामं करतो की आयुष्यभर जमिनीचे दावे चालवतो आहे, ते दहा मिनिटांत दिसतं. जमिनीच्या दाव्यातला उत्तम वकील पहिल्या रिमांडला चाचपडू शकतो. मग समोर बसल्यावर तो काय विचारतो ते ऐका. फौजदारीत मुरलेला वकील फीच्या आधी तारखा विचारतो: अटक कधी दाखवली, पहिली रिमांड कोणत्या दिवशी झाली. कारण पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत, दोषारोपपत्र दिलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ते दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज केला नाही तर हा हक्क हातचा जातो. एका दिवसाचा हिशेब चुकला की माणूस आणखी कित्येक महिने आत. जो वकील हे दिवस कागदावर मोजून दाखवतो, त्याच्याकडे बसा.

अटक अजून झालेली नसेल, तर तो कलमांची शिक्षा किती ते पाहील. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच बजावलं आहे. अशा वेळी आधी हजर राहण्याची नोटीस यायला हवी. ती आली असेल तर घाबरून गावाला पळून जाऊ नका, नोटीस घेऊन वकिलाकडे जा.

पैसे नसतील तर कर्ज काढू नका, दागिने मोडू नका. कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 1987 च्या कायद्याने तो हक्क दिला आहे. 15100 वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात थेट जा. मोफतचा वकील कच्चा असतो हा समज मी कितीदा ऐकला आहे. त्या यादीतल्या काही जणांचे उलटतपास मी मागच्या बाकावर बसून शिकण्यासाठी ऐकले आहेत.

आणि वकील बदलावासा वाटला तर बदला. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली ठरवून दिलं आहे. दुसरा वकील नेमण्यासाठी तुम्ही आमची नाहरकत मागितलीत त्याच दुपारी आम्ही ती सगळ्या कागदांसह दिली. एवढं एक आमच्याकडून वेळेवर झालं.

हिशेब असा. सत्र न्यायालयातल्या कामाची फी आम्ही ठेवत आहोत, ते काम झालं आहे. नकला आणि टायपिंगसाठी वेगळे घेतलेले पैसे पूर्ण खर्च झाले नव्हते. उरलेली रक्कम तुम्हाला नाहरकतीबरोबरच परत मिळायला हवी होती. ती पाकिटात घालून ठेवली आहे, सोबत खर्चाच्या पावत्या आहेत. या हिशेबाने तुमचं समाधान झालं नाही तर वकील कायद्याच्या कलम 35 खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे माझी तक्रार करता येते. अर्ज कसा करायचा ते आमचा कारकून सांगेल, त्यात मला काही वावगं वाटणार नाही.

शनिवारी चारनंतर मी कार्यालयात असते, त्या वेळात दुसरी बैठक ठेवलेली नाही. जमलं तर आईंनाही घेऊन या. सात फोन त्यांनी केले होते, त्यांचे प्रश्न मला त्यांच्याकडूनच ऐकायचे आहेत.