हातानं केलेलं लग्न: ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी फुकटचा सल्ला

सुपारी फुटली की दुसऱ्या दिवशी दोघांनी फोनवर एकदाच ठरवून टाकायचं, आपल्या लग्नात सगळं हातानं केलेलं पाहिजे. कुणाच्या हातानं, ते नंतर बघू. आधी जाहीर करणं महत्त्वाचं, कारण एकदा का तुम्ही घरच्यांना सांगितलंत की "आम्हाला ते रेडिमेड काही नकोय, जरा पर्सनल टच पाहिजे", की तुमचं काम जवळजवळ संपलंच, राहिलेलं बाकीच्यांचं.

मग पिंटरेस्ट उघडा. तिथं बघा कसं असतंय, मोकळं रान, लाकडी टेबल, बाटलीत मेणबत्ती, सुतळीनं बांधलेल्या नावाच्या चिठ्ठ्या, चाळीसएक पाहुणे आणि सगळे एकाच फिक्या रंगात. आपल्याकडं कोल्हापुरात कार्यालय आहे, हजारभर माणूस आहे, निम्म्यांना टॉवेल-टोपी द्यायचीय आणि मे महिना आहे. काही बिघडत नाही, सेव्ह करत राहा. सेव्ह करून झालं की व्हॉट्सअॅप ग्रुप काढा, त्यात आत्ती, मावश्या, मामी, शेजारच्या काकी, आणि बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली एखादी चुलत बहीण (ही सगळ्यात महत्त्वाची, निकाल लागेपर्यंत तिला पळायला कारण नसतं). ग्रुपवर फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, "किती सोप्पंय ना हे?" एवढंच. करून द्या असं कधी म्हणायचं नाही, ते ऑर्डर सोडल्यासारखं वाटतं.

सुरुवात पत्रिकेपासून. पत्रिका बिया घातलेल्या हातकागदाची घ्या, म्हणजे लग्न झाल्यावर पाहुण्यांनी ती कुंडीत लावायची आणि त्यातून झेंडू उगवणार. फार सुंदर कल्पना आहे, फक्त वरती गणपती छापलेला असतो, त्याच्याखाली अंबाबाई आणि जोतिबा प्रसन्न असतंय, आणि हे सगळं चिखलात घालायचं म्हटल्यावर आजी एकदा तुमच्याकडं बघती आणि एकदा देव्हाऱ्याकडं. आजीला पर्यावरण समजावून सांगा. नाही समजलं तर देव काढून टाका, आणि मग अंबाबाईच्या देवळात पहिली पत्रिका ठेवायला तुम्ही स्वतः जा, दुसरं कुणी येणार नाही. डिझाइन एकदम मिनिमल ठेवा, दोघांची नावं आणि तारीख बास. निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त भावकी आणि "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असं म्हणणारी पाळण्यातली पोरं, ही सगळी गर्दी गाळायची. त्यानं पत्रिका छान मोकळी होती. लग्नाचा हॉलपण होतोय.

पत्ते हातानं लिहायचे, बोरूनं, वळणदार. हे काम चुलत बहिणीचं. आणि वाटायचं काम वडलांचं, कारण गडहिंग्लज, मुरगूड, गारगोटीकडच्या माणसाला पोस्टानं आलेली पत्रिका ही पत्रिका नसते आणि व्हॉट्सअॅपवरची तर त्याहून नसते, तिथं उन्हातून गाडीवर जाऊन, पाट टाकला की बसून, चहा पिऊन, "चूलबंद आवतन हाय बरं का" असं तोंडानं सांगावं लागतंय. ह्याला तुम्ही पर्सनल टच म्हणणार नाही हे मला माहीतय. ह्याचा फोटो चांगला येत नाही.

आता मंगलाष्टका. इथं जरा थांबतो, कारण इथं हौशी माणसाचा खरा कस लागतो. छापील पुस्तकातल्या म्हणायच्या नाहीत, आपल्या स्वतःच्या पाहिजेत, त्यात तुम्ही दोघं पहिल्यांदा रंकाळ्यावर कुठं भेटलात ते आलं पाहिजे, तुमचं मांजर आलं पाहिजे, आणि दोन्हीकडच्या आज्या-आज्जे जिवंत-मयत सगळे आले पाहिजेत. अडचण एवढीच की मंगलाष्टक ज्या चालीवर म्हणतात ते बहुतेक वेळा शार्दूलविक्रीडित वृत्त असतंय, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गण म स ज स त त आणि शेवटी ग, ओळीत 19 अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा, सुरुवातीची तीन ठणठणीत गुरू, म्हणजे लांब अक्षरं. तुम्ही हे चॅटजीपीटीला सांगाल, ते प्रेमाचा प्रवास आणि सुखाची पहाट असं काहीतरी सतरा ते सव्वीस अक्षरांत काढून देईल, आणि आत्ती माईक हातात घेऊन तेवढी सगळी अक्षरं एकाच श्वासात कोंबेल. तिकडं लोकांच्या मुठीत अक्षता भिजून गोळा व्हायला लागतात.

म्हणून लग्न ठरवतानाच पत्ता बघून ठरवावं असं माझं मत आहे. पत्रिका जुळली नाही तरी चालती, वृत्तात बसलं पाहिजे. राजारामपुरीचं स्थळ असेल तर डोळे झाकून हो म्हणा, कारण 'राजारामपुरी' हे ओळीच्या सुरुवातीला असं बसतंय की जणू पेठेचं नाव ठेवताना कुणीतरी गण मोजले होते. "राजारामपुरीत आज जमले सारे सगे सोयरे", मोजून बघा, एक अक्षर हलणार नाही. 'कोल्हापूरकरांस' पण बसतंय. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीवाल्यांनी नाराज होऊ नये, त्यांची सोय यतीच्या पलीकडं आहे, "शाहूपुरीच्या घरी" असं शेवटाला झकास बसतंय, बरोबर जिथं "कुर्यात् सदा मंगलम्" येतं तिथं. हाल होतात ते नवऱ्याचं नाव करण, समर, पवन असलं असेल तर. तीन लघु, म्हणजे आखूड अक्षरं, ओळीनं, अख्ख्या वृत्तात त्याला पाय ठेवायला एकच जागा, यतीच्या अगदी अलीकडं, आणि ती कुणाला सापडत नाही. त्याचं मग 'कर्णा' करतात. बारशात ठेवलेलं नाव शाळेत टिकतं, कंपनीत टिकतं आणि बोहल्यावर जातं. असो, नवरीनं विचारलं हा कर्णा कोण, तर मागच्या रांगेतली माणसंपण तेच विचारत असतात असं सांगा.

मुहूर्त बारा पस्तीसचा असेल तर घरच्या मंगलाष्टका बारा वाजता सुरू करा. भटजी घड्याळाकडं बघतील, बघू द्या. बँडवाल्याला आणि हलगीवाल्यांना सांगून ठेवा की "मंगलम्" ऐकलं की लगेच वाजवायचं नाही, ते अजून पुष्कळदा येणार आहे. ते पहिल्यालाच वाजवतात हा भाग वेगळा.

रुखवत मात्र ठेवायचं नाही. फार जुनाट दिसतं ते. तुमच्या मावशीनं क्रोशानं विणलेला रुमाल, मण्यांचं तोरण, सुपारीचे नवरा-नवरी, त्यांच्या मागं सुपारीचेच भटजी, सप्तपदीची पावलं, हे सगळं तिनं रात्री जेवणं-भांडी आवरल्यावर डोळ्याला चष्मा लावून केलेलं असतं आणि तिला वाटतंय की कार्यालयात टेबल मांडून ठेवू. तिला प्रेमानं सांगा, "मावशी, नको गं हे, आम्ही यावेळी सगळं हँडमेड ठेवलंय." तिला कळायला थोडा वेळ लागेल, पण तेवढ्यात विषय बदलायचा. तिचं थर्माकोलचं देऊळ तर 2018 च्या बंदीतच गेलं, तेव्हापासून ती तसली नाराजच आहे.

त्याच्या जागी मॅक्रमे लावा. मॅक्रमे म्हणजे सुती दोरीला गाठी मारून मारून केलेलं ते पांढरं लोंबणारं काहीतरी, स्टेजच्या मागं एकदम क्लासी दिसतं. कुठल्यातरी ऑनलाइन स्टोअरमधनं मागवलं तर हजारात पैसे जातात, म्हणून घरी करायचं, म्हणजे परत मावशीच. ती फोटो मोठा करून बघणार आणि म्हणणार, "अगं हे शिंकाळंच की!" हो, शिंकाळंच. पण तिच्या माहेरी त्यात दह्याचं गाडगं ठेवायचे, आपण त्यात काही ठेवत नाही, म्हणून त्याला किंमत.

सामान आणायला बुरुड गल्लीत आणि कुंभार गल्लीत जायचं, आणि जाताना फोन चार्ज करून जायचं. सुपं, दुरड्या, रोवळ्या घ्या, तशीही झालीच्या विधीला दुरडी लागतीच घरात, जरा जास्तीच्या घ्या आणि पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये बुडवून वाळत घाला, वरून वारली काढा. वारली पालघरकडची, आपला तिचा संबंध नाही, पण कोल्हापुरातल्या लग्नात हल्ली वारलीतले तारपा वाजवणारे नसले तर लग्न लागत नाही म्हणे. आपल्याकडची हलगी-घुमकं कुणी सुपावर काढत नाही, ते बाहेर मांडवात खरंखुरं वाजत असतंय आणि त्याचा आवाज ड्रोनवाल्याला नको असतो. तर, दुरडीचा भाव ऐकला की दचकायचं. "मावशी, एवढ्या घेतोय, काहीतरी कमी करा की." ती म्हणणार, "ताई, बांबू फुकट येत नाही, बोटं बघा माझी." बोटं बघायची नाहीत. वीस-वीस रुपये कमी करून घ्यायचे आणि घरी येऊन रील टाकायचं, त्यावर लिहायचं, स्थानिक कारागिरांना सपोर्ट करूया.

नवऱ्याला कोल्हापुरी चप्पल हातानं शिवलेलीच पाहिजे, खिळा न मारलेली, चामड्याच्या वादीनं शिवलेली, आणि आतल्या बाजूला दोघांच्या नावाची आद्याक्षरं. सासरवाडी बेळगावकडची असेल तर चपलेवरून फुशारकी मारायला जाऊ नका, 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यामुळं बोलणी लगेच सीमाप्रश्नावर जातात आणि मग जेवणाच्या पंगतीत भाषणं होतात. चप्पल लग्नाच्या महिनाभर आधी घेऊन, तेल लावून, पायात मऊ करायची असते, हे तुम्हाला कारागीर सांगेल. तुम्ही आदल्या दिवशी घाला. वरातीत नवरा जड पावलांनी चालतोय ते बघून लोक म्हणतात, पोरगं किती गंभीर झालंय.

रिटर्न गिफ्टला गूळ. कोल्हापूर म्हणजे गूळ, शिवाय सेंद्रिय, शिवाय कुणाकडं नसणार अशी आयडिया (त्या हंगामातल्या सगळ्या लग्नांत तीच होती). 30 किलोचा रवा आणायचा, घरी फोडायचा, मलमलच्या छोट्या पिशव्यांत भरायचा, पिशवीला दोरी, दोरीला चिठ्ठी, चिठ्ठीवर "आमच्या गोड दिवसाची आठवण". हे अंगणात सतरंजी टाकून बायकांच्या हातनं रात्री दोनपर्यंत चालतं, गाणी लावा, वातावरण मस्त होतं. मग संध्याकाळचा वळीव येतो. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो हे शाळेत शिकवत नाहीत काय माहीत, पण सकाळी मलमल आणि गूळ हे वेगळे करता येत नाहीत आणि तुमच्या गोड दिवसाला मुंग्या आधी येऊन गेलेल्या असतात. अशा वेळी घाबरायचं नाही, पिशव्या नवरदेवाच्या मित्रांना द्यायच्या, ते बघत नाहीत.

अक्षतांवर थोडंच बोलतो. आजरा घनसाळ वापरू नका. सुवासिक आहे, जीआय आहे, फोटोत कॅप्शन भारी होईल, सगळं मान्य, पण आजऱ्याचे पाहुणे आलेले असतील आणि तो तांदूळ हॉलच्या फरशीवर बुटाखाली बघून त्यातलं एखादं म्हातारं माणूस उठून गेलं तर त्याची समजूत काढायला तुमच्याकडं बोर्डवर काही सेव्ह केलेलं नाहीये.

उखाणा स्वतः रचा. यमक जुळलं पाहिजे एवढीच अट आहे, अर्थाची कुणी चौकशी करत नाही.

स्वागताचा फळा खडूनं लिहून घ्या, चुलत बहिणीकडून, एव्हाना ती झोपेत लिहिती. ती 'स्वागत'चा काना विसरेल आणि दारात मोठ्या अक्षरात स्वगत लिहिलेलं राहील, ते पुसू नका, तुमच्या वडलांना बघून ते बरोबरच वाटतंय.

आणि जेवण. इथं मात्र टच देताना जरा जपून. लग्नाचं जेवण साधंच असतंय, मसालेभात, बुंदी वगैरे, त्यात कुणाचं लक्ष नसतं, खरी गर्दी गोंधळाच्या नाहीतर जत्रेच्या मटणाला. त्यावेळी काहीजण प्रत्येक पातेल्यापुढं हातानं लिहिलेली पाटी ठेवतात, तुम्हीही ठेवा, तांबड्या रश्श्यापुढं "आमच्या आजीच्या हातचा" आणि पांढऱ्यापुढं "आईच्या मायेचा". पाट्या सकाळीच लावायच्या, आचारी तिकडं यायच्या आधी. तो पहाटेपासून चुलाणापुढं उभा असतो, घाम पुसत येतो, पाटी वाचतो, परत वाचतो, आणि डाव खाली ठेवून विचारतो, "मग आजीलाच बोलवा की, मी जाऊ का?"