तीन रात्रींच्या उपायाला उत्तर

धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर गेल्या महिन्याभरात एकच संदेश तीन वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडून आला. सल्ला थोडक्यात असा: झोपेच्या गोळ्या ही निव्वळ सवय आहे, जोडीदाराने घरातली पाकिटे फेकून द्यावीत, तीन रात्री तळमळू द्यावे, चौथ्या रात्री झोप आपोआप लागते, तोवर जायफळाचे दूध द्यावे. माझे यजमान नऊ वर्षे अल्प्राझोलाम घेत होते आणि गेले चौदा महिने ती गोळी सोडवण्याचे काम आमच्या घरी चालू आहे, म्हणून हे उत्तर.

सवयीचा मुद्दा आधी घेते. मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम अल्प्राझोलामसारखी, म्हणजे बेंझोडायझेपिन गटातली औषधे वाढवतात. वर्षानुवर्षे ही मदत रोज मिळाली की मेंदू तिच्या हिशेबानेच स्वतःला जुळवून घेतो. चिठ्ठीवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा एकही गोळी जास्त न घेणाऱ्या माणसाच्या बाबतीतही हे घडते, त्यामुळे त्याला मनाचा कच्चा ठरवणे अन्यायाचे आहे.

तीन रात्रींचा हिशेब मात्र नुसता चुकीचा नाही, जिवावर बेतणारा आहे. अल्प्राझोलामचे शरीरातले प्रमाण साधारण ११ तासांत निम्म्यावर येते, तर याच गटातल्या क्लोनाझेपामला त्यासाठी ३० ते ४० तास लागतात. म्हणजे ज्या चौथ्या रात्री हा संदेश आपल्याला निर्धास्त करतो, त्याच सुमारास क्लोनाझेपाम घेणाऱ्याचा खरा त्रास सुरू होऊ शकतो. अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित मृत्यूही ओढवतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या गटातल्या सर्व औषधांवर याबाबतचा ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. तिथल्याच वैद्यकीय संघटनांच्या २०२५ च्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के मात्रा कमी करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त घट शक्यतो करू नये. कोणाची घट किती, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

जायफळाबद्दल फार लिहीत नाही. चिमूटभर जायफळाने कोणाचे बिघडत नाही. पण जायफळ जास्त झाले तर तेच विषारी ठरते, आणि गोळीची जागा ते घेत नाही.

आता पाकिटे फेकण्याविषयी, कारण जोडीदाराचे काम पहारेकऱ्याचे आहे ही समजूत मीही बाळगली होती. पहिल्या महिन्यात गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात कुलपात असे. परिणाम एवढाच झाला की रात्री दोन वाजता ते माझ्याकडे चावी मागत आणि नवरा-बायकोच्या जागी कैदी आणि जेलर उभे राहत. शेवटी डॉक्टरांनीच डबा यजमानांकडे द्यायला सांगितले. ओट्यावर पांढरा कागद पसरून ते ब्लेडने गोळीचे तुकडे करतात, तेव्हा एक तुकडा मोठा होतो, दुसऱ्याचा भुगा होतो. मी फक्त वहीत तारीख आणि मात्रा लिहिते. (एसआर किंवा सीआर लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी मात्र अशी कापायची नसते.) दुसरी चूक अधिक छुपी होती. रोज सकाळी चहा देताना मी "झोप लागली का?" असे विचारत असे, आणि रात्रीची झोप ही त्यांच्यासाठी सकाळी निकाल लागणारी परीक्षा होऊन बसली होती. तो प्रश्न मी सोडला. झोप आली नाही तर ते उठून हॉलमध्ये बसतात, मी मागे जात नाही. सकाळी उठण्याची वेळ मात्र आम्ही दोघेही मोडत नाही.

संदेशात एक वाक्य असेही आहे की एकदा कमी केलेली मात्रा तिथेच थांबवून ठेवणे म्हणजे हार. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, रात्री वीज जाऊन कूलर बंद पडत होता आणि धडधाकट माणसालाही झोप नव्हती. डॉक्टरांनी त्या महिन्यात मात्रा आहे तेवढीच ठेवली. पुढची घट जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर केली.