ब्लेड झिजत नाही, ही खरी कटकट

काल एका दिवसात माझ्या कारागिराने दगड कापायच्या मशीनचे चार इंची तीन हिऱ्याचे ब्लेड कचऱ्यात टाकले आणि चौथ्यासाठी माझ्याकडे पैसे मागितले. काम काय, तर तांबड्या ग्रॅनाइटच्या ओट्यात सिंकचे तोंड कापायचे. मी ते तिन्ही ब्लेड उचलून मोजून पाहिले, तेव्हा नव्यावर ८ मिलिमीटर उंच असणारा सेगमेंट, म्हणजे कडेवरचा कापणारा तुकडा, फेकलेल्या एकावरही ६ मिलिमीटरच्या खाली गेलेला नव्हता. पाऊण माल शिल्लक असताना ‘ब्लेड मेले’ म्हणून ते फेकायचे आणि भुर्दंड मी सोसायचा, हे किती वर्षे चालवून घ्यायचे?

वर गिऱ्हाईक मलाच विचारते, ‘अहो, हिऱ्याचे ब्लेड झिजतेच कसे?’ अहो, ते झिजलेच पाहिजे! सेगमेंट म्हणजे काही अखंड हिरा नव्हे. कोबाल्ट, लोखंड, तांबे अशा धातूंच्या भुकटीत कृत्रिम हिऱ्याचे बारीक कण मिसळून तो घडवलेला असतो. वरचे कण बोथट झाले की भोवतालचा धातू झिजून त्यांना सोडून देतो आणि खालचे ताजे कण वर येतात. दगड जितका कठीण, तितका हा धातू मऊ हवा, कारण ग्रॅनाइटची बारीक भुकटी कडक धातूला पुरेशी घासत नाही. बोथट कण तसेच अडकून राहतात आणि सेगमेंट काचेसारखा गुळगुळीत होतो. उलट विटा किंवा ताजे काँक्रीट खरखरीत असल्याने त्यांना कडक धातूचे ब्लेड लागते, नाहीतर ते बघता बघता खलास होते. इतकी साधी गोष्ट पाकिटावर एका ओळीत छापायला उत्पादकांचे काय जाते? तिथे मात्र ग्रॅनाइट, संगमरवर, टाइल आणि काँक्रीट यांची चार चित्रे, आणि दुकानदाराला विचारावे तर उत्तर एकच: ‘सगळ्याला चालते, साहेब.’

कारागिराचे वागणे तर संताप आणणारे आहे. ब्लेड कापेनासे झाले की तो मशीनवर अंगाचा भार टाकतो. मग घर्षणाने कडा लाल होते, आणि सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेला हिरा हवेत टिकत नाही, हे त्याच्या गावीही नसते. पाणी सोड म्हटले, तर ‘चिखल होतो’ हे ठरलेले उत्तर. ती कोरडी धूळ स्वतःच्याच फुप्फुसात जाते, याचीही त्याला फिकीर नाही. ब्लेडवरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण तर जणू नक्षी म्हणूनच काढलेला असतो! चालताना प्रत्येक कणाच्या मागे धातूचा छोटा टेकू तयार होतो, आणि काढलेले ब्लेड पुन्हा उलटे बसवले की तो आधार जाऊन कणच उपटले जातात, हे मी किती वेळा सांगितले असेल, याची गणती नाही. गंमत म्हणजे वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या मारून आलेले ब्लेड दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइट लोण्यासारखा कापते, तेव्हा हाच गृहस्थ ‘आज ब्लेड मूडमध्ये आहे’ म्हणून हसतो. मूड कसला? प्लास्टरच्या वाळूने वरचा गुळगुळीत थर घासून काढलेला असतो.

संध्याकाळी तिन्ही ब्लेड मी स्वतः मशीनला लावून पाहिले. तिसरे आधीच तापून वाकडे झाले होते आणि फिरताना डुलत होते, म्हणून ते लगेच उतरवले; उरलेल्या दोघांनी वाळू-सिमेंटच्या ब्लॉकमध्ये दहा-बारा काप मारले. सेगमेंट पुन्हा पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागू लागले आणि त्या दोन ‘मेलेल्या’ ब्लेडनी, पाण्याच्या धारेखाली, सिंकचे तोंड पूर्ण कापून दिले. तोवर चौथे ब्लेड मात्र दुकानातून आले होते, आणि त्याच्या पाकिटावरही तीच चार चित्रे होती.