आर्मिस्टिसने घेतलेली फिरकी

संरक्षणविषयक बातम्यांतले इंग्रजी शब्द अर्थासकट वहीत उतरवा, असं एका लेखात वाचलं. पटलं, पण अर्धंच. माझ्या वहीत सीझफायर, ट्रूस, आर्मिस्टिस या तिन्हींपुढे 'युद्धबंदी' एवढंच होतं. कोरियाची बातमी वाचताना अडलो. 27 जुलै 1953 ला पानमुनजोममध्ये सह्या झाल्या त्या आर्मिस्टिसवर, म्हणजे फक्त लढाई थांबवण्याच्या करारावर. शांतता करार आजतागायत झालेला नाही. म्हणजे कागदोपत्री युद्ध अजून संपलेलंच नाही! तेव्हा कुठे शब्द डोक्यात बसला.

ॲक्सेशनचंही तेच. 2023 मध्ये फिनलंड आणि 2024 मध्ये स्वीडन नाटोत गेले, तेव्हा हा शब्द सारखा दिसायचा. शब्दकोशात आधी 'राज्यारोहण' सापडलं. म्हटलं, स्वीडनमध्ये नवा राजा आला की काय! इथे अर्थ होता संघटनेत सामील होणं. (पहिल्याच अर्थावर थांबायची खोड, दुसरं काय.)