समुद्र बघायला गाडी कशाला करायची? (पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा)

सोलापूरकर माणूस तुळजापूरला एसटीनं जातो, अक्कलकोटला एसटीनं जातो, पंढरपूरला तर दांडीला धरून उभा राहून जातो, पण समुद्राचं नाव काढलं की ह्याला लगेच एर्टिगा पाहिजे, ड्रायव्हरसकट. आणि गोव्याला विमान सुरू झाल्यापासून तर काही लोकांचं बोलणंच बदललंय, असो.

गाडी केली की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. किलोमीटरचा दर, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा हॉल्ट वेगळा, आणि एवढे पैसे दिलेत म्हणून ते वसूल करायचे असतात. मग एकाच दिवसात गणपतीपुळे, जयगड, पावस, थिबा पॅलेस सगळं उरकायचं, समुद्रावर जरा कुठं पाय ओले झाले की ड्रायव्हरचा फोन, चला ताई पुढं अजून तीन पॉइंट राहिलेत. घरी आल्यावर मोबाईलमधला कुठला बीच कुठल्या गावचा ते कुणालाच सांगता येत नाही.

आम्ही मागच्या थंडीत रत्नागिरीला एसटीनंच गेलो. मी, नवरा, सासूबाई आणि पोरगा. रेल्वेनं जायचं तर आपल्याला पुणे-पनवेल असा वळसा आणि वर रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब, त्यापेक्षा मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा हे सरळ पडतं. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर कोल्हापूरला बदला, तिथून रत्नागिरीला गाड्या आहेत की भरपूर. तिकिटाची गंमत अशी की मार्च २०२३ पासून बायकांना हाफ तिकीट, पोराचं वयामुळे हाफ, सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या म्हणून आधार कार्ड बघून त्यांचं शून्य रुपयाचं तिकीट मशीनमधनं निघालं आणि कंडक्टर नवऱ्याकडं वळून म्हणाला, "सायेब, फुल्ल तुमचंच तेवढं." सासूबाईंनी ते झिरोचं तिकीट घडी करून पाकिटात ठेवलं, अजून आहे.

आता मुद्द्याचं बोलते. लोक मला विचारतात की बसनं फिरायचं म्हणजे तासन्तास ताटकळायचं ना? अवो, गाडी किती वाजता जाते हा प्रश्नच चुकीचा आहे. परत येणारी शेवटची गाडी किती वाजता, हे आधी विचारायचं आणि अख्खा दिवस तिथून उलटा लावायचा. कारण गावच्या एसटीचं एक गणित असतं जे आपल्याला शहरात राहून विसरायला होतं. संध्याकाळी जी शेवटची गाडी गावाकडं जाते ती वस्तीची गाडी, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच मुक्काम करतात आणि सकाळी तीच गाडी पहिली फेरी म्हणून निघते. म्हणजे गाडी येताना डोळ्यानं दिसते, पण ती तुमच्या उपयोगाची नाही. आम्ही गणपतीपुळ्यात संध्याकाळी सूर्य बुडेपर्यंत बसायचा बेत करत होतो, कोकम सरबतवाल्या मावशींना सहज विचारलं की शेवटची गाडी उशिरा आहे ना, तर त्या म्हणाल्या, "ती वस्तीची हो. ती येते, पण जाणार उद्या सकाळी. तुमची आता येईल तीच." ग्लास तिथंच ठेवले आणि पळालो.

आणि हे वेळापत्रक टुरिस्टसाठी केलेलंच नाहीये हे एकदा डोक्यात बसलं की चिडचिड कमी होते. सकाळच्या गाड्या शाळा-कॉलेजची पोरं, बाजाराला जाणाऱ्या बायका, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं यांच्यासाठी, दुपारी सगळं पातळ, मग शाळा सुटायच्या वेळेला परत गर्दी. मे महिन्यात आपण सुट्टी म्हणून जातो आणि नेमक्या तेव्हाच शाळा बंद म्हणून शाळेच्या फेऱ्या बंद! आषाढीला आपल्या पंढरपुरात राज्यभरातनं पाच-पाच हजार जादा गाड्या येतात त्या काय आभाळातनं पडत नाहीत, कुठल्या तरी डेपोच्याच असतात, तेव्हा तिकडच्या गावच्या फेऱ्या आटतात. गणपतीला तर मुंबईचे चाकरमानी आणण्यातच अख्खी एसटी गुंतलेली. म्हणून मी म्हणते बसनं कोकण करायचं तर डिसेंबर-जानेवारीत, शाळा चालू असताना करा. आपली जानेवारीतली गड्ड्याची जत्रा तेवढी सांभाळून.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जायला दोन रस्ते आहेत, एक हायवेनं निवळीवरून आणि दुसरा समुद्राकडेनं आरे-वारेवरून. बसमध्ये चढायच्या आधी कंडक्टरला विचारा, कुठनं जाते? आरे-वारे म्हणाला तर चढा आणि डाव्या बाजूची खिडकी धरा. चढ चढून गाडी वळते आणि एकदम खाली अख्खा किनारा येतो. एसटीची खिडकी कारपेक्षा उंच, त्यामुळे कठडा-झुडपं काही आड येत नाही, सरळ पाणी. माझा पोरगा ओरडलाच. बसमधल्या एकानंही मान वर केली नाही, पुढच्या सीटवरच्या बाई रिकामा टब मांडीवर धरून डुलक्या काढत होत्या आणि कंडक्टर सुट्टे मोजत होता. आता ही गाडी तिथं फोटोसाठी थांबत नाही हे खरं, ज्याला थांबायचंच आहे त्यानं रिक्षा करावी. रत्नदुर्ग किल्ल्यालाही आम्ही रिक्षाच केली, सासूबाईंचे गुडघे आहेत. बस अधिक रिक्षा सगळं धरूनसुद्धा एर्टिगाच्या निम्म्यातही खर्च गेला नाही.

रत्नागिरी गावातलं तर चालतच झालं. टिळकांचं जन्मघर, १९३१ साली सगळ्या जातींना खुलं झालेलं पतितपावन मंदिर. पोराला सगळ्यात काय आवडलं असेल तर मत्स्यालयातला व्हेल माशाचा सांगाडा. मला थिबा पॅलेस. थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि इथं आणून ठेवला, हा वाडा बांधून झाला १९१० च्या सुमाराला आणि १९१६ ला राजा वारला, म्हणजे पंचवीस वर्षं वाट बघून मिळालेलं घर त्याला सहा वर्षं लाभलं. गाडीचा ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत असता तर मी तिथं बसून हा हिशोब केला नसता.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात जायचा हट्ट सासूबाईंचा. भाट्याचा पूल ओलांडून बस जाते, जाताना समुद्र उजव्या हाताला. बसमध्ये शेजारच्या बाईंनी सोलापूर म्हटल्यावर चादरी सोडून पाण्याचंच विचारलं, तुमच्याकडे म्हणे पाणी रोज येत नाही? सासूबाई म्हणाल्या, रोज? चार-पाच दिवसाआड आलं तरी आम्ही पेढे वाटतो! पुढं पावस येईपर्यंत दोघींचं घागरी-विहिरी-बोअर असं चाललं होतं, उतरताना त्या बाईंनी पिशवीतले दोन नारळ दिले. आम्ही त्यांना शेंगाचटणी दिली. (कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर ठेवाच, स्टँडवर गाडी लागायला उशीर झाला की तीच कामाला येते.)

तक्रार एकच. एवढी गर्दी जिथं होते तिथं परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहिलेला एक साधा बोर्ड आम्हाला दिसला नाही. लांब पल्ल्याचं रिझर्व्हेशन मोबाईलवर होतं, पण गावातनं परत यायची गाडी कधी हे सरबतवाल्या मावशींना विचारायचं, ही काय पद्धत झाली? फळा आणि खडू लागतो एवढंच. ज्याचं काम आहे त्यानं करावं. आणि रत्नागिरीत रहाटाघर म्हणून दुसरंही स्टँड आहे, कुठली गाडी कुठनं सुटते ते आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.

पाण्याचं मात्र गंमतीत घेऊ नका. आपल्याला पाणी माहिती ते सिद्धेश्वर तलावाचं नाहीतर उजनीचं. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला शांत, पण आत ओढतो, दरवर्षी कुणीतरी जातं तिथं. गुडघ्याच्या वर जायचं नाही म्हणजे नाही.

तान्ही बाळं, दहा जणांचा घोळका, चार-चार सुटकेस असं असेल तर करा बाबा गाडी, मी कशाला अडवू. पण चौघांनी, एकेक बॅग पाठीला लावून जायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास पण बघा, १९८८ पासून आहे आणि निम्म्या लोकांना अजून माहिती नाही. चार दिवसांचा मिळतो, सात दिवसांचा मिळतो, एकदा पैसे भरले की तेवढे दिवस एसटीनं कुठंही फिरा. आमच्या घरात बायकांना हाफ आणि आजींना झिरो असल्यामुळे पासचा खरा फायदा नवऱ्यालाच, तेव्हा पुढच्या वेळी पास फक्त त्याचा काढायचा असं ठरलंय. तो म्हणतोय की मग मालवणपर्यंत जाऊ, पास आहे तर वसूल करू. झालं, ह्याच्यातपण वसुली आलीच.