निराकाराचे दर्शन

पावसाळा सरता सरता महाबळेश्वरला जावे, तेव्हा डोंगर हिरवेगार असतात, धबधबे भरात असतात आणि गर्दीही बेताची असते, असा सल्ला ज्या ज्या लोकांनी आम्हाला दिला ते सर्व जण स्वतः मे महिन्यात जाऊन आलेले होते. त्यांच्या सल्ल्यात खोटे काहीच नव्हते. डोंगर हिरवे असणारच, धबधबेही असणार. फक्त ते आणि आपण यांच्यामध्ये एक ढग असतो, एवढेच सांगायचे राहून गेले होते.

समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंचीच्या या पठारावर कोकणातून चढून आलेले मोसमी वारे आपल्याजवळचे बहुतेक सगळे पाणी उतरवून ठेवतात आणि मोकळ्या हातांनी पुढे निघून जातात. त्यामुळे वीसएक किलोमीटरवरच्या पाचगणीत इथल्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. जुलै 2021 मध्ये तर चोवीस तासांत इथे जवळजवळ 594 मिलिमीटर पाऊस झाला होता, म्हणजे सोलापूरकडे वर्षभर आकाशाकडे डोळे लावून जेवढा मिळतो साधारण तेवढा. आम्ही गेलो तेव्हा पाऊस थकलेला होता, पण ढगांनी मुक्काम हलवलेला नव्हता. ते आकाशात नव्हतेच. ते रस्त्यावर होते, हॉटेलच्या जिन्यात होते आणि रात्री दमट चादरीच्या रूपाने आमच्या अंगावर होते.

टॅक्सीने फिरवून आणण्याचे जे ठरावीक कार्यक्रम इथे असतात त्यांना दर्शन म्हणतात: महाबळेश्वर दर्शन, प्रतापगड दर्शन, पाचगणी दर्शन. कोणत्या दर्शनात कोणते पॉइंट येतात हे आमच्या चालकाने एका दमात म्हणून दाखवले, तेव्हा आईने सवयीने हात जोडले. पुढे दिवसभर जे घडले त्याची नांदी तीच होती.

पहिला आला लॉडविक पॉइंट. हा डोंगर 1824 मध्ये चढून आलेला पहिला युरोपीय माणूस म्हणजे जनरल लॉडविक, आणि त्याच्या स्मरणार्थ तिथे एक स्तंभ उभारलेला आहे. स्तंभ हाताच्या अंतरावर असल्यामुळे तो मात्र दिसला. आईने चपला काढल्या, स्तंभाला एक प्रदक्षिणा घातली आणि मग मला विचारले, “इथला देव कोणता?” मी इंग्रज अधिकाऱ्याची हकिगत सांगितली. ती शांतपणे ऐकून घेऊन आई म्हणाली, “असू दे. एवढा चढ चढून आला होता ना बिचारा.” चालकाने तोवर कठड्याशी उभे राहून पांढऱ्याशुभ्र शून्याकडे बोट दाखवले होते. “साहेब, ते समोर बघा, प्रतापगड. त्याच्या डाव्या अंगाला खाली कोयनेचं खोरं. आणि हे खाली दिसतंय ना, ते जंगल.” आम्ही चौघे बोटाच्या दिशेने अत्यंत आदराने पाहत राहिलो. चिरंजीवांनी “कुठे?” असे विचारताच चालकाने बोट किंचित उजवीकडे सरकवले, आणि त्या नव्या जागचे धुके आम्हाला खरोखरच थोडे किल्ल्यासारखे वाटू लागले.

या माणसाकडे दोन वाक्ये होती आणि ती तो प्रत्येक कठड्यावर आळीपाळीने वापरत असे. एक म्हणजे “पाच मिनिटं थांबा, आत्ता जाईल”, आणि दुसरे “काल यायला पाहिजे होतं साहेब, काल काय क्लिअर होतं!” काल आम्ही तिथेच होतो आणि खोलीच्या खिडकीतून समोरचे विजेचे खांबसुद्धा पाहू शकलो नव्हतो, पण इतक्या श्रद्धेने सांगितलेली गोष्ट खोडून काढण्याचे धैर्य मला झाले नाही.

तिथून आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला गेलो आणि दिवसात प्रथमच ज्यासाठी आलो ते डोळ्यांना दिसले. गाभारा मुळातच अंधारा असतो, देव दोन हातांवर असतो आणि समईला धुक्याची पर्वा नसते. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी दगडी गोमुखातून कुंडात पडते. याशिवाय बारा वर्षांनी भागीरथी आणि साठ वर्षांनी सरस्वती येऊन मिळते अशी श्रद्धा आहे. मुदत लांबची असली तरी ती नेमकी सांगितलेली आहे, त्यामुळे चालकाच्या पाच मिनिटांपेक्षा मला ती अधिक विश्वासार्ह वाटली.

या नद्यांच्या उगमाची कथाही मोठी संसारी आहे. ब्रह्मदेवाचा यज्ञ मांडला होता, पण सावित्रीला यायला उशीर झाला. मुहूर्त टळू नये म्हणून गायत्रीला शेजारी बसवून कार्य सुरू केले गेले, आणि उशिरा येऊन तो प्रकार पाहणाऱ्या सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप देऊन स्वतः पश्चिमेकडे कड्यावरून उडी घेतली. पुढे वेण्णा माहुलीला आणि कोयना कराडला येऊन पुन्हा कृष्णेला मिळाली. सावित्री मात्र कोकणात उतरली ती आजतागायत परतलेली नाही. ही कथा ऐकताना पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून सकाळी मी चालकाला वाजवायला लावलेल्या हॉर्नचा विषय अजून मिटलेला नाही हे माझ्या ध्यानात आले.

महाबळीच्या मंदिरात रुद्राक्षाच्या आकाराचे स्वयंभू लिंग आहे, आणि देवासाठी एक पलंगही आहे. तो रात्री नीट अंथरून ठेवतात आणि सकाळी त्यावरची चादर विसकटलेली आढळते असे सांगतात. त्या रात्री अख्ख्या गावात सुखाची झोप लागलेला तो एकटाच असावा. गंमत अशी की कठड्यांवर भाविकासारखी उभी राहणारी मंडळी देवळात आली की कमालीची व्यवहारी होत होती. कोणी गोमुखाखाली पाच लिटरचा कॅन लावून रांग अडवत होते, कोणी हे पाणी फिल्टरचे आहे का अशी चौकशी करत होते. जवळच कृष्णाबाईचे काळ्या दगडातले, शेवाळलेले, अतिशय देखणे देऊळ आहे. तिथे मात्र कोणीच नव्हते, कारण ते कोणत्याही दर्शनाच्या यादीत नाही, असे चालकाने घड्याळ पाहत सांगितले.

आर्थर सीट म्हणजे सर्व पॉइंटांची राणी. एका बाजूला सावित्रीचे कोकणात कोसळणारे खोरे आणि दुसऱ्या बाजूला देशावरचा मुलूख इथून दिसतो, असे तिथल्या फलकावर लिहिले होते. फलक स्वच्छ दिसत होता. दरीतून वर येणारा वारा इतका जोरदार असतो की हलकी वस्तू खाली टाकली तर ती उडून परत येते. दरी आहे, याचा आम्हाला मिळू शकणारा तेवढाच पुरावा होता. म्हणून पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी आपला रुमाल धुक्यात सोडला. तो आला नाही. त्यांच्या पत्नीने “पाच मिनिटं थांबा” असे म्हटले, तेव्हा त्यांचा चालक कोण असेल याविषयी मला शंका उरली नाही.

इको पॉइंटवर धुक्याचा अडथळा नसावा अशी माझी अपेक्षा होती, कारण तिथे पाहायचे काही नसून ऐकायचे असते. परंतु तिथे जमलेली सर्व कुटुंबे एकाच वेळी आपापल्या मुलांची नावे घेऊन ओरडत होती. चिरंजीवांनी जीव तोडून स्वतःचे नाव पुकारले, तर दरीने त्यांना “पप्पू” असे उत्तर दिले.

संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्तासाठी मोठी गर्दी जमली होती. भाजलेली कणसे खात, पश्चिमेकडे तोंड करून, शेकडो माणसे राखाडी पडद्यासमोर तिष्ठत उभी होती. अखेर एका तरुणाने मोबाइलमध्ये पाहून “झाला!” असे जाहीर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांचे फोटो काढले आणि समाधानाने आपापल्या गाड्या शोधायला सुरुवात केली. सूर्याचे दर्शन ऐकीव माहितीवर घेणारा इतका मोठा समुदाय मी पूर्वी पाहिला नव्हता.

घरी परतल्यावर शेजारचे काका चहाला आले आणि काय काय पाहिलेत असे विचारू लागले. मी उत्तर जुळवत होतो, इतक्यात आईनेच खिडकीबाहेर बोट करून सांगायला सुरुवात केली. “समोर प्रतापगड, त्याच्या डाव्या अंगाला खाली कोयनेचं खोरं.” काका भारावून बोटाच्या दिशेने आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत राहिले. पत्नीने सूर्यास्ताचे रंग सांगितले, आणि ते इतके बारकाव्याने सांगितले की क्षणभर मलाही ते आठवले. काकांनी लगेच त्या चालकाचा नंबर मागून घेतला. पुढच्या आठवड्यातच निघायचे म्हणतात. आता तिकडे सगळे अगदी क्लिअर आहे, असे त्याने त्यांना फोनवर सांगितले आहे.